निकाल राखून ठेवलेल्या लॅपटॉपला

प्रिय एन्व्ही एक्स-३६०,

पत्र उशिरा येतंय, पण मुद्दामच. २०१७च्या अखेरीस रायझन चिप घेऊन तू बाजारात आलास तेव्हा तुझ्याबद्दल भरपूर छापून आलं. त्यातलं बरंचसं तेव्हा खरं होतं आणि पुढच्या दीड वर्षात शिळं झालं. काही तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. ही दोन प्रकारची सत्यं एकमेकांपासून कशी सोडवायची, हे दाखवायला तुझ्याइतका सोयीचा लॅपटॉप मला दुसरा आठवत नाही. तू फार चांगला होतास म्हणून नव्हे. तू अर्धवट होतास, आणि तुझं अर्धवटपण कुठे सुरू होतं न्‌ कुठे संपतं ते बोट ठेवून दाखवता येतं म्हणून.

एचपीच्या घरात पडदा पूर्ण मागे फिरवता येणारा लॅपटॉप हवा तर स्पेक्टर होता, पण त्याची किंमत ऐकून माणूस दुकानाबाहेर यायचा. ज्याला तीच बिजागरी, तोच स्पर्शाचा पडदा परवडेल अशा पैशात हवा होता, त्याच्यासाठी तू. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी एएमडीने लॅपटॉपसाठीच्या रायझन चिप जाहीर केल्या आणि त्या घेऊन येणाऱ्या पहिल्या काही यंत्रांत तुझं १५ इंची रूप होतं. (बरोबर पाच वर्षांपूर्वी, २६ ऑक्टोबरलाच, विंडोज ८ आलं होतं आणि त्याच्याच सुमारास लेनोव्होचा योगा. पडदा उलटा वळवून त्याचा टॅब्लेट करायची हौस तिथूनच लोकांना लागली.) तुझ्यातली रायझन ५ २५००यू कागदावर देखणी होती. चार कोअर, आठ थ्रेड, आणि त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर व्हेगा ८ ग्राफिक्स. इंटेलनेही त्या वर्षी या गटात चार कोअर दिले होते, पण त्यांचं ग्राफिक्स जवळपास आदल्या वर्षीचंच होतं. नावापुढे फक्त एक अक्षर वाढलं होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता थोडं खेळता येईल, व्हिडिओची काटछाट करता येईल, अशी आशा स्वस्तातल्या लॅपटॉपबद्दल बऱ्याच वर्षांनी वाटू लागली होती.

आता या आशेचं गणित. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर ज्या रॅममधून काम करतो त्याच रॅममधून ग्राफिक्सनेही भागवायचं, म्हणजे एका नळावर दोन बिऱ्हाडं. रॅमची एकच पट्टी असेल तर डीडीआर४-२४०० मधून सेकंदाला १९.२ गिगाबाइट येतात. दोन पट्ट्या दोन चॅनेलांवर लावल्या की ३८.४. ग्राफिक्सचा सगळा जोर या आकड्यावर अवलंबून. त्याच हंगामात लेनोव्होने आयडियापॅड ७२०एस मध्ये हीच रायझन एकाच चॅनेलवर बसवली आणि चांगल्या चिपची पार रया घालवली. तुझ्या १५ इंची रूपात रॅमच्या दोन खाचा होत्या. पाठ उघडून दुसरी पट्टी लावली की तुझं ग्राफिक्स खऱ्या अर्थाने कामाला लागायचं. माझ्या मते तुझ्याबद्दलची ही सगळ्यात मोठी चांगली गोष्ट, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख सापडणं कठीण.

पण ग्राफिक्सचं इंजिन कितीही चांगलं असो, त्याला काय करायचं ते सांगणारा ड्रायव्हर लागतो. गेम किंवा ब्राउझर जे चित्र मागतो ते चिपला समजेल अशा हुकमांत उतरवणारं हे सॉफ्टवेअर. ते कच्चं असेल तर चिप सुस्त वाटते, पडदा मध्येच काळा होतो, नवा गेम सुरू व्हायच्या आधीच मान टाकतो. तू आलास तेव्हा ड्रायव्हर कच्चाच होता. हे नवं नाही. नव्या ग्राफिक्सचे पहिले महिने असेच जातात. तुझ्या बाबतीत चीड आणणारी गोष्ट दुसरी होती. चिप एएमडीची, पण ड्रायव्हर मिळायचा एचपीकडून. एएमडी आपल्या पेटीतल्या ग्राफिक्स कार्डांसाठी दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा ड्रायव्हर काढत होती, तो तुझ्यावर बसत नसे. लॅपटॉप बनवणाऱ्याने आपल्या यंत्रावर तपासून दिलेला तोच खरा, असा तेव्हाचा शिरस्ता. आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला एकदा विकून झालेल्या मॉडेलसाठी पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात काय रस असणार?

१२ फेब्रुवारी २०१८ला तर गंमतच झाली. तुझ्याच जातीचं सिलिकॉन एएमडीने डेस्कटॉपसाठी रायझन ५ २४००जी म्हणून विकायला काढलं आणि त्याचा ड्रायव्हर स्वतःच्या संकेतस्थळावरून द्यायला सुरुवात केली. म्हणजे टेबलाखालच्या डब्यात बसलेल्या भावाला ताजा ड्रायव्हर, आणि मांडीवर बसलेला तू जुन्यावर. मग काही हौशी लोक डेस्कटॉपचा ड्रायव्हर उतरवून घेत, त्याच्या फाइलमधली यंत्रांची यादी हाताने बदलत आणि तो तुझ्यावर बसवत. चालला तर चालला. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रासाठी मालकाने असली कारागिरी करायची, हे कौतुकाचं नव्हे, लाज वाटण्यासारखं. लाज तुझी नाही, हे आधीच सांगतो.

जानेवारी २०१९ मध्ये एएमडीने जाहीर केलं की यापुढे रायझन लॅपटॉपांनाही आम्हीच थेट ड्रायव्हर देऊ, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तो आला. सोळा महिने गेले होते. इंटेलच्या गोटातही चित्र वेगळं नव्हतं. त्यांचा ड्रायव्हर थेट बसवायला गेलं तर ‘या संगणकासाठी तपासलेला नाही’ म्हणून तो नकार द्यायचा. ते कुलूप निघालं एप्रिल २०२०मध्ये. तेव्हा फक्त एएमडीला दोष देणं सोपं आहे, पुरेसं नाही.

तू नुसता लॅपटॉप असतास तर गोष्ट इथे संपली असती. पण तू वळतोस, आणि वळणाऱ्या यंत्राला ड्रायव्हर दुप्पट लागतात. पडदा किती फिरला हे कळायला सेन्सर, चित्र उभं-आडवं करायला ग्राफिक्स, मागे गेलेला कीबोर्ड बंद पडायला आणखी एक दुवा. यातलं एक जरी अडलं तरी ३६० अंशांची बिजागरी म्हणजे नुसती कसरत. लिनक्सवर तुझं काय झालं ते बघ. पडद्याचं काम लिनक्स कर्नल ४.१५ पासून होऊ लागलं, म्हणजे २८ जानेवारी २०१८पासून. त्यानंतरही कितीतरी जणांची रायझन यंत्रं काही काम नसताना गोठायची आणि लोक कर्नलला वेगवेगळे इशारे देऊन ती जागी ठेवायचे. ते हळूहळू सुधारलं. सेन्सरचं मात्र सुधारलं नाही, कारण एएमडीच्या या चिपमध्ये सेन्सर एका वेगळ्या केंद्रातून बोलतात आणि त्या केंद्राचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कुणी आणलेलाच नव्हता. तो आला ५.११ मध्ये, फेब्रुवारी २०२१ला. तीन वर्षांहून जास्त काळ लिनक्सवर तुझी घडी घातली तरी चित्र आपोआप वळत नव्हतं. कन्व्हर्टिबल म्हणून विकलेल्या यंत्राला कन्व्हर्ट व्हायचं माहीत नाही, याला काय म्हणायचं?

उष्णतेचं थोडं सांगतो. तू हातात धरायचा, मांडीवर ठेवायचा, म्हणून तुझी पाठ फार तापता कामा नये. एएमडीच्या चिपमध्ये त्यासाठी एक हिशेब चालतो: अंगाचं तापमान किती होईल याचा अंदाज घेत चिप थोडा वेळ जोरात धावते, मग वीज कमी करते. पहिल्या मिनिटाला मोजलं तर तू चपळ, पंधराव्या मिनिटाला थकलेला. या हिशेबाची मर्यादा बदलण्यासाठी पुढे रायझनअ‍ॅडजसारखी साधनंही लोकांनी लिहिली. एकदाच चाचणी घेऊन आकडा छापणाऱ्यांना हे दिसलंच नाही. माझं मत विचारशील तर, अशा यंत्राचा कुठलाही आकडा ड्रायव्हरचा क्रमांक आणि चाचणी किती वेळ चालली हे शेजारी लिहिल्याशिवाय छापूच नये. नाहीतर तो यंत्राचा आकडा नसतो, त्या दिवसाचा असतो.

मग तुझा निकाल द्यायचा कसा? पहिल्या दिवशीच्या ड्रायव्हरवर द्यावा तर चिपवर अन्याय. ‘पुढे सुधारेल’ म्हणून सूट द्यावी तर पैसे आज मोजणाऱ्यावर अन्याय. सुधारेल ही अपेक्षा किती महागात पडू शकते ते तुझ्याच घराण्यातल्या थोरल्याला विचार.

२०१२मध्ये एचपीने एन्व्ही एक्स२ नावाचं यंत्र काढलं होतं. पडदा कीबोर्डापासून वेगळा होणारं, आत इंटेलची अ‍ॅटम झेड२७६० चिप. त्या चिपला क्लोव्हर ट्रेल म्हणत. चिप इंटेलची असली तरी तिच्यातलं ग्राफिक्स इंटेलचं नव्हतं. ते ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजच्या पॉवरव्हीआर या रचनेवरून घेतलेलं होतं. त्याच रचनेचं ग्राफिक्स इंटेलने आधी नेटबुकांमध्ये जीएमए ५०० नावाने घातलं होतं आणि लिनक्सवाल्यांना त्याने वर्षानुवर्षं छळलं होतं. २०१७च्या मध्यात, तू जन्मायच्या काही महिने आधी, एक्स२सारख्या यंत्रांवर विंडोज १०चं नवं अपडेट बसेना. इंटेलने त्या चिपचा पाठिंबा सोडला होता, नव्या विंडोजला लागणारा ड्रायव्हर लिहायला कुणी उरलं नव्हतं, आणि जबरदस्तीने बसवलं तर चित्रं न्‌ अक्षरं नीट दिसणार नाहीत असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. शेवटी तोडगा निघाला तो असा की ही यंत्रं जुन्याच आवृत्तीवर राहतील आणि त्यांना जानेवारी २०२३पर्यंत फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. त्याच काळातल्या, थोड्याच नंतरच्या बे ट्रेल अ‍ॅटमवर ही वेळ आली नाही, कारण त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं होतं.

यावरून तुझ्याकडे बघायची माझी रीत ठरली आहे. यंत्र हाती आलं की तीन वाट्या करायच्या. ज्यात बदल शक्यच नाही अशा गोष्टींची एक: तुझा मंद पडदा, टॅब्लेट म्हणून धरायला दोन किलोंहून जास्त वजन, त्याच किमतीच्या इंटेलवाल्यांच्या आधी दमणारी बॅटरी. यांना सूट नाही, यांचे गुण पहिल्याच दिवशी कापायचे. मालकाला स्वतः बदलता येतील अशा गोष्टींची दुसरी, जशी रॅमची ती मोकळी खाच. आणि तिसरी वाटी ड्रायव्हरची, तिथे यंत्राला नव्हे, माणसांना प्रश्न विचारायचा: दुरुस्तीची किल्ली कोणाकडे आहे आणि ती फिरवण्यात त्याचा फायदा आहे का? तुझ्या बाबतीत उत्तर बरं होतं, कारण व्हेगा ही रचना एएमडीची स्वतःची, आणि ती पुढच्या कित्येक चिपमध्ये चालणार होती. तुझ्यासाठी नाही तर तुझ्या धाकट्या भावंडांसाठी तरी ड्रायव्हर सुधारणं त्यांना भाग होतं. एक्स२च्या बाबतीत उत्तर भीषण होतं, आणि ते २०१२मध्येही शोधता आलं असतं. पहिल्या दिवशी ड्रायव्हर दोघांचेही कच्चेच.

तरी तुझी गोष्ट सुखान्त नाही. ड्रायव्हर पिकला, २०१९नंतर तू खरोखर कामाचा झालास, आणि जून २०२१मध्ये विंडोज ११ जाहीर झालं तेव्हा पात्र प्रोसेसरांच्या यादीत तुझी २५००यू नव्हती. जन्मापासून चार वर्षंही झाली नव्हती. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा दुरुस्त्या घेतल्या तर आणखी एक वर्ष. ज्या लिनक्सने तुला सर्वांत जास्त ताटकळत ठेवलं तिथे आज तू सुखी आहेस: पडदा वळतो, ग्राफिक्सचा खुला ड्रायव्हर उत्तम आहे, आणि कुणाच्या यादीत नाव असण्याची गरज नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं निमित्त माझी पुतणी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या लॅपटॉपांच्या दुकानात तुझं १५ इंची रूप तिला आवडलं आणि ‘काका, घेऊ का?’ म्हणून तिने फोटो पाठवला. मी तिला कळवलं आहे: बिजागरी दहा वेळा फिरवून बघ, पडद्याला सैलपणा आला असेल तर तिथूनच परत फीर. दुकानदाराला पाठ उघडायला सांग आणि रॅमच्या पट्ट्या दोन आहेत का ते डोळ्यांनी बघ, एकच असेल तर दुसरीचे पैसे किमतीतून वजा कर. बॅटरी बदलावी लागणार हे धरून चाल. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन जा, तिथेच चालू कर आणि पडदा वळवून चित्र वळतंय का बघ. दुकानदार म्हणेल, विंडोज ११ टाकून देतो. त्याला हसून नाही म्हण, कारण यादीत नाव नसताना टाकलेलं विंडोज पुढच्या मोठ्या अपडेटला काय करेल याची हमी ना त्याच्याकडे आहे ना कुणाकडे. आणि एवढं सगळं जमून आलं तर घे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक परीक्षक