पाटी दाराबाहेर

तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा भागातल्या निशी-कासाई स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत आमचं सोबाचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते थाटलं, नवरा त्यांच्या हाताखाली तयार झाला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला चुलीपाशी न नेता आधी मोरीपाशी उभं केलं. भांडी घासायला नव्हे, बघायला. गिऱ्हाइकापुढून परत आलेला प्रत्येक वाडगा त्या रिकामा करण्याआधी उजेडात धरतात. रस्सा किती उरलाय, कांद्याची पात कडेला सारलीय का, सोबाचे तुकडे तळाशी राहिलेत का, हे बघतात. “लोक तोंडावर काही बोलणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “जे सांगायचं असतं ते यात असतं.”

मी पुण्याची. पोहे गार असले तर ताट परत पाठवणारी आणि मालकाला दोन शब्द सुनावून उद्या पुन्हा तिथेच जाणारी माणसं बघत वाढले. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले तेव्हा गिऱ्हाइकाशी कोणत्या आदरार्थी क्रियापदांत बोलायचं ते पाठ केलं होतं. पण गिऱ्हाईक काहीच बोलत नसेल तर त्याला उत्तर कसं द्यायचं, हे सासूबाईंकडूनच शिकायचं होतं.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. आमच्याकडे आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असं प्रमाण असतं. नुसतं कुट्टूचं पीठ लाटताना तुटतं, कारण त्यात ग्लुटेन नाही. ज्वारीतही नसतं, म्हणून तर आजी भाकरी लाटत नसे, थापत असे. नवरा सकाळी काळ्या-तांबड्या लाखेच्या मोठ्या परातीत पीठ घेतो आणि त्यात थोडं थोडं पाणी घालत बोटांच्या टोकांनी ते फिरवत राहतो. जूनच्या दमट हवेत पाणी कमी लागतं, जानेवारीत जास्त. मग मळणं, लांब लाटण्यांनी पातळ लाटणं, घड्या घालून रुंद सुरीनं बारीक कापणं. उकळत्या पाण्यात मिनिटभर पुरतं, की लगेच गार पाण्यात चोळून धुवायचा. दळून, लाटून, उकडून, प्रत्येक पायरीला ताजा हवा, असं इथं मानतात. म्हणून नवरा सकाळी जेवढा करतो तेवढाच त्या दिवशी विकतो. दुपारी एकलाच संपला तर दारावरचा नोरेन, म्हणजे दुकान उघडं असल्याची खूण असलेला कापडी पडदा, आत घेतो.

लांबून आलेल्या माणसाला हे सहन होत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. अशा वेळी सासरे डोक्याचं फडकं काढून स्वतः बाहेर जातात, कमरेत वाकून क्षमा मागतात आणि उद्या किती वाजता यावं ते सांगतात. “थोडा जास्त करून ठेवला तर?” असं मी एकदा विचारलं होतं. नवरा म्हणाला, “संध्याकाळी तो खाणाऱ्याला काय सांगशील?”

वाडग्यातलं वाचण्याचा एक प्रसंग सांगते. बाजारातल्या नोकरीतून निवृत्त झालेले एक आजोबा दुकान उघडताच येत, कोपऱ्यात बसत आणि ‘काके’ मागवत. काके म्हणजे गरम रश्शातला साधा सोबा. शेवटचा थेंबसुद्धा वाडगा तोंडाला लावून पीत. एका शरद ऋतूत त्यांचा रस्सा उरायला लागला. आधी थोडा, मग निम्मा. सासूबाईंनी त्यांना काहीच विचारलं नाही. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, त्यांच्या वाडग्यात ‘काएशी’ कमी घाला आणि दाशी वाढवा. सोया सॉस, मिरिन आणि साखर तापवून काही दिवस मुरवलेलं ते काएशी, रश्शातलं मीठ त्याचं. दाशी म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांचा अर्क. सासऱ्यांनी दाशी वाढवली आणि वर युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीचा एक तुकडा टाकला. वाडगा पुन्हा रिकामा येऊ लागला. बऱ्याच दिवसांनी पैसे देताना आजोबा म्हणाले, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तुम्हाला त्रास झाला. सासूबाई फक्त वाकल्या. इतकं बारीक बघणं मला अजून जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

पण वाडगा बोलतो तो खाल्ल्यावर. खाण्याआधीच ज्यांना कळायला हवं, त्यांचं काय?

कुट्टूची अलर्जी इथं गंभीर मानतात, कारण थोड्याशानंही श्वास कोंडू शकतो. पाकीटबंद खाण्यावर जे घटक छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्यांत अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा यांच्याबरोबर कुट्टू आहे. २०२३ मध्ये अक्रोडाची भर पडली. उपाहारगृहांवर मात्र ही सक्ती नाही. एका रविवारी एक तरुण बाप छोट्या मुलीला घेऊन आला. मुलीचे बूट काढून त्यानं तिला तातामीच्या चटईवर बसवलं आणि म्हणाला, माझ्यासाठी सोबा, हिला सोबा चालत नाही, हिला उदोन द्या. उदोन गव्हाचा असतो, त्याला वाटलं प्रश्न मिटला. सासरे हातातलं काम टाकून बाहेर आले. आमच्याकडे दोन्ही एकाच हंड्यातल्या पाण्यात उकडतात, आणि कुट्टूचं पीठ दिवसभर हवेत उडत असतं. त्यांनी त्याला ते सरळ सांगितलं आणि म्हणाले, कृपा करून हिला इथं काहीही देऊ नका. मुलगी भुकेली होती आणि आता उठायचं म्हटल्यावर रडायला लागली. सासूबाईंनी स्टेशनपलीकडच्या उदोनच्या दुकानात फोन करून तिथं सोबा शिजत नाही याची खात्री केली, कागदावर रस्ता काढून दिला आणि कोपऱ्यापर्यंत सोबत गेल्या.

आपल्या लोकांशी गाठ पडते ती वेगळ्या कारणानं. २००० च्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेले भारतीय अभियंते निशी-कासाईत राहू लागले, कारण तोझाई लाईननं ओतेमाची आणि निहोनबाशीच्या कचेऱ्या थेट जोडलेल्या आहेत. आता इथं आपल्याकडची वाणसामानाची दुकानं आहेत, गणपतीही बसतात. वसंतात साकुरा बघायला मुलांकडे आईवडील येतात आणि मुलं त्यांना एकदा तरी जपानी दुकानात जेवायला नेतात.

असाच एक मुलगा आईला घेऊन आला. मी मराठीत बोलल्यावर आजींचा चेहरा खुलला. “अगं, तू इकडे कुठे?” मग माहेर, शाळा, लग्न कसं ठरलं, सगळी चौकशी झाली. सोबा कुट्टूचा म्हटल्यावर म्हणाल्या, “म्हणजे राजगिरा-वरीसारखंच ना? मला चालेल.” त्यांनी जन्मात कधी मासा-मटण खाल्लेलं नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, “ताई, सॉसमध्ये काय आहे ते सांगू नका. दिसत तर नाही. दोन दिवस नुसत्या भातावर आहे ती.” त्याची काळजी खोटी नव्हती. परमुलखात उपाशी राहणारी आई बघवत नाही.

मी आजींना सांगितलं. शेवयांत फक्त कुट्टू आणि गहू आहे, पण बुडवून खायच्या त्सुयूत माशाचा अर्क आहे. भाज्यांचा तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळतात आणि पिठात अंडं असतं. मुलगा नाराज झाला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मला वाटतं, आपल्या पोटात काय जातंय हे ठरवायचा हक्क खाणाऱ्याचा आहे, आणि तो त्याच्या मुलालाही काढून घेता येत नाही. दुकानदाराला तर मुळीच नाही.

मग आम्ही त्यांना बांबूच्या चाळणीवर थंड सोबा, बाजूला समुद्राचं मीठ आणि किसलेला मुळा दिला. मीठ लावून सोबा खाणारे दर्दी इथंही आहेत; पिठाचा वास त्यानंच कळतो, असं ते म्हणतात. शेवटी सोबायु, म्हणजे सोबा उकडलेलं दाटसर गरम पाणी, लाखेच्या भांड्यातून दिलं. आजी सगळं जेवल्या. म्हणाल्या, “जरा कोरडं लागतं, पण वास छान आहे.” ती चाळणी रिकामी परत आलेली सासूबाईंनी पाहिली.

रात्री सासऱ्यांनी विचारलं, त्या बाईंना त्सुयू का दिला नाहीस? मी सांगितल्यावर ते गप्प राहिले. पुढचे काही आठवडे दुकान बंद झाल्यावर ते एकटेच काहीतरी उकळत बसायचे. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मासा नसतो, तिथं कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिइताके अळिंब गार पाण्यात भिजवून दाशी काढतात. सासऱ्यांनी तसं केलं, पण तोक्योच्या गडद, खारट त्सुयूची सवय असलेल्या त्यांच्या जिभेला ते पाणचट वाटे. भाजलेले सोयाबीन घातले, कोम्बू रात्रभर ठेवून पाहिला, अळिंबाचं प्रमाण कमी केलं, कारण त्याचा वास कुट्टूवर चढत होता. अखेर एके दिवशी त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. माशाच्या त्सुयूची ती नक्कल नव्हती, हे मला सर्वांत आवडलं. ती गोडसर, शांत आणि स्वतःच्या चवीची होती.

नवऱ्याचं मत वेगळं होतं, आणि मला ते पटतं. चार माणसांचं दुकान सगळ्यांसाठी सगळं करायला गेलं की त्याच्या हातून काहीच नीट होत नाही. त्यामुळे मासा नसलेला त्सुयू आदल्या दिवशी फोन केला तरच. जैन मंडळींसाठी पात आणि मुळा वगळतो. तेंपुऱ्यासाठी वेगळं तेल ठेवणार नाही, ठेवल्याचं खोटं सांगणार नाही. ३१ डिसेंबरला, वर्ष सरताना सोबा खायची प्रथा असल्यामुळे गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागते. त्या दिवशी कुणासाठीच काही वेगळं नाही.

काही उत्तरं अशीच, परिस्थितीनं द्यायला लावली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बसून खाण्यावरचा कर १० टक्के झाला आणि घरी नेण्यावरचा ८ टक्केच राहिला. लोक विचारू लागले, मग घरी का देत नाही? उकडलेला सोबा वाटेत मऊ पडतो म्हणून सासरे नकोच म्हणत. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे आणीबाणी जाहीर झाली आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या, तेव्हा आम्ही कच्चा सोबा आणि त्सुयूची बाटली विकू लागलो. सोबत उकडायची कृती हातानं लिहिलेली. तरी फोन येत. “पाणी उकळलंय, आता काय?” सासूबाई फोन कानाला लावून सेकंद मोजत आणि “आता काढा!” असं जोरात सांगत. ते सगळे अजून येतात.

२०२४ मध्ये जपानला आलेल्या परदेशी पाहुण्यांचा आकडा साडेतीन कोटींच्या पुढे गेला आणि आमच्या गल्लीतही सुटकेसची चाकं वाजू लागली. टेबलावर ठेवलेली बक्षिसी परत द्यायला सासूबाई स्टेशनकडे धावतात. आणि तोच प्रश्न रोज येऊ लागला, यात काय आहे?

पाटी लावायची, असं मी म्हटलं. पुणेकराला दारावरची पाटी नवी नाही, फक्त इथं पाटीत आधी क्षमा मागतात, मग नियम सांगतात. सासऱ्यांनी ब्रशनं जपानीत लिहिलं, मी इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. सोबा आणि उदोन एकाच पाण्यात उकडतात. सोब्यात गहू आहे. त्सुयूत मासा आहे. तेल एकच आहे. मासा नसलेला त्सुयू हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा. सोबा संपला की दुकान बंद.

नवरा म्हणाला, हे वाचून अर्धे लोक परत जातील. सासऱ्यांचं म्हणणं, मेनूच्या शेवटच्या पानावर लावू. सासूबाई म्हणाल्या, बाहेर, नोरेनच्या बाजूला, लहान मुलाच्या बापाच्या डोळ्यांसमोर येईल अशी. बूट काढून बसलेल्या माणसाला उठवायची वेळ कुणावर येऊ नये.

पाटी बाहेर लागली. वाचून परत जाणारे आहेत, मोजके. वाचून आत येणारे प्रश्न नेमका विचारतात, त्यामुळे काम सोपं झालंय. परवा मलेशियाहून आलेल्या एका जोडप्यानं पाटी शेवटपर्यंत वाचली आणि दारातूनच विचारलं, काएशीत मिरिन असतो ना? मिरिनमध्ये दारूचा अंश असतो, ते पाटीवर नव्हतं. मी हो म्हटलं, आणि मिठाबरोबरचा सोबा चालेल का ते विचारलं. ते आत आले. सासऱ्यांनी तेवढ्यात पाटी खिळ्यावरून काढून आणली, ब्रश ओला केला आणि खाली मिरिनची ओळ वाढवली. माझ्या तीन ओळींसाठी त्यांनी जागा सोडली होती.