पेलाभर दूध

धाकट्या सुनेला तिसरा महिना लागलाय. परवा ती फॉलिकच्या गोळीबरोबर बी-१२चीही घेऊन आली. मी म्हटलं, "आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं! तळण बंद कर, झालं." फार खरपूस तळण्याभाजण्यात बनणारी ग्लायकेशनची संयुगं इन्सुलिनच्या आड येतात, हे वाचलं होतं. शिवाय भिवंडीत नाक्यानाक्यावर भजी, उपदेशाला तोटा नाही.

धाकट्याने मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचायला दिलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं त्यांनी तपासली. दोन तृतीयांश आयांना बी-१२ कमी! फोलेट भरपूर पण बी-१२ कमी अशा आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. २००८ साली हे छापून आलं.

भाजीपाल्यात बी-१२ नसतंच. मी दोन्ही बाळंतपणं चहातल्या दुधावर काढली. थोरल्याला चाळिशीत मधुमेह निघाला, तेव्हा मी त्याच्या वडापावाला बोल लावला होता. खरं कारण कोण सांगणार?

असो. रात्री सुनेला पेलाभर दूध आता मीच नेऊन देते. ती नाक मुरडते, पण गोळी विसरत नाही.