भाईंदर लोकल, मरीन लाइन्सची मैदाने आणि बाळूंचा चषक

चर्चगेटहून निघालेली लोकल दहिसर सोडून मीरा रोडला आली की मुंबई महानगरपालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. पुढचे स्टेशन भाईंदर. त्याच्यापलीकडे वसईची खाडी आणि खाडीवरचा रेल्वेपूल. चर्चगेटपासूनचे हे अंतर सुमारे ४३ किलोमीटर. एके काळी हा मुलूख मिठागरांचा, आगरी-कोळ्यांचा आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांचा होता. पुढे मुंबईतल्या चाळींमध्ये जागा पुरेना, १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची घडी विसकटली आणि स्वस्त घराच्या शोधात माणसे इकडे आली. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती. कोकण, घाटमाथा, मराठवाडा, विदर्भ येथून आलेले आपले समाजबांधवही याच गर्दीत आहेत.

इतक्या ठिकाणची माणसे एका जागी आली म्हणजे बोलायला समान विषय लागतो. आमच्याकडे तो विषय म्हणजे उद्याचा सामना! सकाळच्या भाईंदर-चर्चगेट लोकलमध्ये रोजचे गट ठरलेले असतात. आयपीएलच्या दिवसांत एका बाकावर मुंबईवाले आणि समोरच्या बाकावर चेन्नईवाले बसतात. बोरिवली येईपर्यंत अकरा खेळाडू निवडून होतात, अंधेरीपर्यंत खेळपट्टीचा निकाल लागतो आणि दादरला निम्मी मंडळी उतरली तरी वाद काही उतरत नाही. उत्तनच्या कोळीवाड्याकडे जावे तर क्रिकेटच्या जोडीला फुटबॉलही ऐकू येतो. एप्रिल महिन्यात जयंतीच्या निमित्ताने आमच्या वस्तीत टेनिस बॉलचे सामने होतात, तेव्हा आदल्या रात्री विहारासमोरच्या कट्ट्यावर जो वाद रंगतो तो विधानसभेतही रंगत नसेल!

हा वाद निर्मळ असतो, तोवर त्यासारखी करमणूक नाही. पण तो नेहमीच निर्मळ राहतो असे नाही. भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की मीरा रोडच्या मुसलमान सहप्रवाशाकडे काहीजण परीक्षकाच्या नजरेने पाहू लागतात. "तू कुणाकडून?" हा प्रश्न मग खेळाचा राहत नाही. अशा वेळी मला याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला शंभर वर्षांपूर्वी रंगलेला एक वाद आठवतो. तो प्रत्येक समाजबांधवाला ठाऊक असला पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, चर्चगेटकडे जाताना चर्नी रोड गेल्यावर उजव्या हाताच्या खिडकीतून बाहेर पाहा. रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये मैदाने दिसतात. त्यांत पारशी जिमखाना आहे, इस्लाम जिमखाना आहे आणि पी. जे. हिंदू जिमखाना आहे. नावे वाचली तरी कळते की या शहरात खेळाची मैदानेसुद्धा धर्माप्रमाणे वाटली गेली होती. आझाद मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. तो गोऱ्यांचा होता आणि हिंदी माणसाला तेथे सभासद होता येत नसे. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने होऊ लागले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ येऊन ते पंचरंगी झाले. ख्रिस्ती असलेले विजय हजारे या 'इतर' संघातून खेळत. १९४३ मध्ये त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या.

सामने जवळ आले की शहर ढवळून निघे. प्रत्येक जमातीचे प्रेक्षक आपापल्या तंबूत बसत. वर्तमानपत्रांतून पत्रांचा पाऊस पडे. पण हिंदूंच्या गोटातला सर्वांत कडू वाद पारशांशी किंवा गोऱ्यांशी नव्हता. तो आपसातला होता: संघाचा कर्णधार अस्पृश्य असावा की नसावा?

ज्यांच्यामुळे हा प्रश्न उभा राहिला, ते पालवणकर बाळू. जन्म १८७६ मध्ये धारवाडचा, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम त्यांनी महिना ३ रुपयांवर केले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तेथे साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा मुलगा असा तयार झाला की भल्याभल्या फलंदाजांची त्याच्यापुढे भंबेरी उडू लागली. मात्र साहेबांनी त्याला चेंडू टाकायला दिला, बॅट कधी हातात दिली नाही.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू लागत होते. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता, पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. हात-तोंड धुवायचे तर पाणी द्यायला अस्पृश्य गडीच लागे. ज्याच्या बोटांवर विजय अवलंबून, त्याच्याच बोटांचा विटाळ! मनुस्मृतीचा हिशेब हा असा असतो.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. भाईंदरकरांनो, हीच रेल्वे १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत आली. आपण रोज ज्या मार्गावर लोंबकळत प्रवास करतो, त्या मार्गाच्या कंपनीचा हा माणूस नोकर होता! १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यांचे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो दौरा एकंदरीत निराशेचा ठरला, पण बाळूंनी त्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परत आल्यावर अस्पृश्य समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रात विद्यार्थिदशेतल्या भीमराव आंबेडकरांचा हात होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

एवढी कामगिरी असूनही कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ज्या एम. डी. पै यांना ते मिळाले, त्यांनीच हा मान अनुभवाने बाळूंचा आहे असे बोलून दाखवले. १९२० मध्ये कहर झाला. चौरंगी सामन्याच्या तोंडावर बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी होते, तरी नेतृत्व धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे न जाता देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. खेळाडूने मैदान सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे. पण स्वाभिमान विकून खेळणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. शहरात खळबळ उडाली. अंतिम सामन्याला भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले आणि स्पर्धा जिंकली. ज्यांच्या घरच्या माणसाला चहा बाहेर मिळत होता, त्यांच्या विठ्ठलला लोकांनी खांद्यावर घेतले. महाडचा सत्याग्रह व्हायला तेव्हा आणखी चार वर्षे होती.

हे आपल्याच देशात घडते असे समजू नका. आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाची मुलगी शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आहे. तेथे लंबगोल चेंडूने खेळायचा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. एका बाजूला अठरा खेळाडू, हाताने ठोसा मारून चेंडू पुढे देता येतो आणि दोन उंच खांबांमधून लाथाडला की सहा गुण. सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा अंतिम सामना मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर होतो, लाखभर माणसे जमतात आणि आदल्या दिवशी त्या राज्यात सार्वजनिक सुट्टी असते. मुलगी फोनवर सांगत होती, "काका, इथं ओळख झाली की लोक विचारतात, तुझा संघ कुठला? आपल्याकडे आडनाव विचारतात तसं." मला हसू आले आणि वाईटही वाटले.

पण त्या खेळातही वर्णाचे विष होतेच. १७ एप्रिल १९९३ रोजी सेंट किल्डा आणि कॉलिंगवूड या संघांचा सामना कॉलिंगवूडच्या मैदानावर झाला. सेंट किल्डाचा निकी विनमार हा तेथील मूळनिवासी खेळाडू. प्रेक्षकांनी त्याला दिवसभर वर्णावरून शिव्या दिल्या. सामना सेंट किल्डाने जिंकला. तेव्हा विनमार त्या प्रेक्षकांकडे वळला, अंगातला बनियन वर उचलला आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवले. ते छायाचित्र जगभर गेले. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, मैदानावर वर्णद्वेषी शिवीगाळ करण्याविरुद्ध तेथे नियम झाला. तरीही २०१५ मध्ये ॲडम गुड्स या दुसऱ्या मूळनिवासी खेळाडूला प्रेक्षकांनी सामन्यामागून सामन्यात हुर्यो करून बेजार केले. तो त्याच वर्षी निवृत्त झाला. २०१९ मध्ये त्या खेळाच्या संघटनेने आणि सर्व क्लबांनी त्याची माफी मागितली. नियम झाला म्हणून मन बदलतेच असे नाही. मन बदलेपर्यंत मात्र नियम हवाच. आपण संविधान मानणारी माणसे, आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता आमच्या विहारासमोरच्या कट्ट्यावर येतो. जयंतीच्या सामन्यांचा चषक पालवणकर बाळूंच्या नावाने ठेवावा, अशी सूचना तरुणांनी मांडली आणि ठिणगी पडली. एक ज्येष्ठ उपासक उभे राहिले. "बाबांनो, इतिहास वाचा. पुणे कराराच्या काळात हे गृहस्थ स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. त्यांचं नाव जयंतीच्या चषकाला?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. आपल्याच माणसाला आपल्या नेत्यापुढे उभे करायचे, ही काँग्रेसची खेळी होती आणि बाळू तिच्यात सामील झाले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा बारावीत शिकणारा एक मुलगा म्हणाला, "काका, पण त्यांना चहा बाहेर मातीच्या भांड्यात दिला, तो ते कुठल्या पक्षात होते म्हणून नव्हता दिला."

क्षणभर कट्टा शांत झाला. ज्येष्ठ उपासकांनाही पुढे बोलवेना. रात्री बराच वेळ चर्चा झाली. शेवटी असे ठरले की, स्पर्धेचा चषक बाबासाहेबांच्याच नावाने राहील, आणि उत्कृष्ट गोलंदाजाला पालवणकर बाळूंच्या नावाने चषक द्यावा. तो देताना निवडणुकीची गोष्टही सांगावी आणि मातीच्या भांड्याचीही. मला हा निर्णय योग्य वाटतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. भक्ती करणाऱ्याला माणूस एक तर देव दिसतो नाही तर वैरी. आपण पारख करणारी माणसे आहोत. बाळूंचे राजकारण आपल्याला मान्य नाही. त्यांचा अपमान मात्र आपल्या सर्वांचा अपमान होता, आणि त्यांच्या बोटांनी मिळवलेला मानही आपला आहे.

धर्मावर उभे केलेले ते पंचरंगी सामने १९४६ मध्ये बंद झाले. आज लोकलमध्ये मुंबई आणि चेन्नई भांडतात, हिंदू आणि मुसलमान संघ भांडत नाहीत, ही प्रगतीच म्हणायची. पण जमातीचे संघ बंद झाले म्हणून जमातीचे तंबू मनातून उठले, असे मीरा रोडच्या त्या सहप्रवाशाला विचारल्याशिवाय म्हणता येणार नाही. तेव्हा समाजातल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच: उद्याच्या सामन्यावर जरूर भांडा, गळा बसेपर्यंत भांडा. कोण जिंकणार हे विचारून झाले की आणखी दोन प्रश्न विचारा. संघात कोण आहे? आणि चहा बाहेर कोण पितो आहे? आपल्या वस्तीच्या संघात मुलींना, नव्याने राहायला आलेल्यांना, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला जागा आहे का, हेही त्यातच आले.

आणि एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन भाईंदरहून लोकल पकडा. मरीन लाइन्सला उतरा, पूल ओलांडून समुद्राच्या बाजूला जा. मुलांना ती मैदाने दाखवा आणि त्यांच्या पाट्या मोठ्याने वाचायला सांगा. मग पालवणकर भावांची गोष्ट सांगा. परतीच्या गाडीत मुले काय प्रश्न विचारतात ते ऐकून घ्या. उत्तरे द्यायची तयारी मात्र घरूनच करून निघा.

जयभीम! नमो बुद्धाय!