अब्बांचा फोन आणि नस्तालीक

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये कुणी हौसेने किंवा मायेने आतून काही बदल करून दिलेला असेल, तर पुढे कधीतरी एक अडचण उभी राहते. अपडेट आल्याची सूचना येते, डेटा खर्च करून ते उतरते, फोन बंद होऊन चालू होतो आणि पडद्यावर 'अपडेट अयशस्वी' असे दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या अब्बांच्या फोनवर हे चार महिने चालले होते. त्यातच बँकेच्या ॲपने 'या फोनमध्ये बदल केलेला आहे' असे सांगून उघडायचेच नाकारले. अब्बांची पेन्शन त्याच खात्यात जमा होते.

बदल कोणता आणि का केला होता, ते आधी सांगायला हवे. अब्बांनी सारे आयुष्य उर्दू नस्तालीकमध्ये वाचली. नस्तालीक म्हणजे उर्दूचे ते वळण, ज्यात शब्द उजवीकडून वरून खाली उतरत जातो. मुंबईचा 'इन्क़िलाब' फार पूर्वीपासून निघतो, पण त्याची आणि इतर उर्दू वर्तमानपत्रांची पाने कित्येक दशके कातिब हाताने लिहीत, कारण हे वळण खिळ्यांत बसत नव्हते. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक यंत्रावर आले, तेव्हाही अक्षरांचे हजारो जोड एकेक करून लिहावे लागले होते. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर मात्र उर्दू नस्ख वळणात दिसते. कुरआन शरीफही नस्खमध्येच असते आणि अब्बा रोज फज्रनंतर त्यातच तिलावत करतात. पण उर्दू नस्खमध्ये आली की ते म्हणत, "आपलंच माणूस दुसऱ्याची शेरवानी घालून आल्यासारखं वाटतं." ते अडखळत आणि मग फोन आमच्या हातात देत, "जरा वाचून दाखव." ज्यांनी आम्हाला अलिफ-बे शिकवले, त्यांना असे विचारावे लागणे आमच्या जिवाला लागत होते.

म्हणून आमच्या भाच्याने नानांसाठी फोनचा बूटलोडर उघडला, फोन रूट केला आणि सिस्टीममधली अरबी लिपीची फॉन्ट फाइल काढून तिथे नस्तालीक बसवली. अब्बांना सगळे संदेश आपल्या वळणात दिसू लागले. ते खूश होते.

अपडेट अडले ते या एका फाइलमुळे. 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून अपडेट सिस्टीमचे तुकडे तुकडे तपासून बसवले जाते. छोटे अपडेट फक्त जुन्या आणि नव्यातला फरक घेऊन येते. तो फरक जोडण्याआधी जुना भाग कंपनीने दिला तसाच आहे ना, याची ते खात्री करते. एका फॉन्टचा फरक दिसला तरी ते काम थांबवते. यात फोन बिघडलेला नसतो. उलट, अर्धवट जोडणी होऊन फोन बंद पडू नये म्हणूनच ही तपासणी असते.

बाजारातल्या एका दुकानदाराने 'फॅक्टरी रीसेट करा' असे सुचवले. त्याने काम झाले नसते. रीसेटने आपले फोटो, संदेश आणि ॲप पुसले जातात. सिस्टीमचा भाग मात्र बदललेला होता तसाच राहतो. म्हणजे होते ते गेले असते आणि अपडेट तरीही अडलेच असते.

खरा उपाय म्हणजे सिस्टीम मुळात होती तशी करणे. त्यात नस्तालीक जाणार होते. फोन अब्बांचा होता, म्हणून आम्ही सगळे मिळून त्यांच्यापुढे दोन्ही बाजू ठेवल्या. अपडेटमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, त्या चार महिने आलेल्या नाहीत, आणि बँकेचे ॲप असे चालणार नाही. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा हिशोब मला स्वतः बघता आला पाहिजे. करा."

एका रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. पहिले काम बॅकअपचे, कारण पुढे सगळे पुसले जाणार होते. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला, फोटो लॅपटॉपवर उतरवले. आवाजी संदेशांच्याही वेगळ्या फाइल असतात, तो फोल्डरही उतरवून घेतला. मग त्याने फोनच्या मागचा नव्हे, सेटिंगमधला पूर्ण मॉडेल क्रमांक पाहिला आणि त्याच मॉडेलची, त्याच भागासाठीची कंपनीची संपूर्ण सिस्टीम उतरवली. आहे त्याहून जुनी आवृत्ती घ्यायची नाही, हेही त्याने सांगितले, कारण काही फोन मागे जाऊ देत नाहीत आणि कायमचे बंद पडतात. बॅटरी भरलेली आणि केबल धड हवी. मध्येच जोडणी तुटली तर घोटाळा होतो.

सगळी मूळ सिस्टीम बसल्यावर फोन एकदा चालू करून पाहिला आणि मगच बूटलोडर पुन्हा बंद केला. हा क्रम चुकवू नये. आत बदल शिल्लक असताना बूटलोडर बंद केला, तर फोन सुरूच होत नाही. बंद करताना फोन पुन्हा एकदा पुसला जातो, म्हणून बॅकअप त्यानंतरच परत टाकला. असरपर्यंत अपडेट एकामागून एक बसली. चालू होताना दिसणारी धोक्याची सूचना गेली. बँकेचे ॲपही उघडले, अलहम्दुलिल्लाह.

राहिला प्रश्न वाचनाचा. जी ॲप किंवा वर्तमानपत्रांच्या साइट स्वतःचा नस्तालीक फॉन्ट सोबत आणतात, तिथे फोनला हात न लावताही ते वळण दिसते. अब्बांची बातम्यांची सोय त्यातून झाली. व्हॉट्सॲपचे संदेश मात्र पुन्हा नस्खमध्ये आले.

आमची धाकटी मराठी माध्यमात शिकते. तिची उर्दू बोलण्यापुरतीच होती. तिने महिनाभर आमच्याजवळ बसून लिहायचा सराव केला. आता ती दादांना टाइप करून संदेश पाठवत नाही. वहीच्या पानावर लिहिते आणि त्याचा फोटो पाठवते. तिचे बे आणि पे अजून कलतात, नुक्ते कधी भलतीकडे पडतात. अब्बा फोटो मोठा करून वाचतात, लाल पेनाने कागदावर दुरुस्ती लिहितात आणि त्याचा फोटो काढून तिला परत पाठवतात.