उभी राहील ना गं?

नवी सायकल घेतली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडली? गिअर किती? वजन किती? (आणि मित्रांतला एक तरी महाभाग असतोच, 'एवढ्यात सेकंडहॅण्ड अ‍ॅक्टिव्हा आली असती की!') पण बॉस, ही सायकल उभी कशावर राहणार, हे कुणी म्हणजे कुणीच विचारत नाही. दुकानदारही नाही. महागड्या गिअरच्या सायकलला बऱ्याचदा स्टँड नसतंच. वजन वाढतं म्हणे! काउंटरवरच्या मुलाने हे मला अशा सुरात सांगितलं, जणू मी पुढच्या महिन्यात फ्रान्सला रेसला निघालेय.

मी निघाले होते पाचगणीला. फ्रीलान्स लिहिणाऱ्या माणसाला पुण्यातलं वन बीएचकेचं भाडं का भरायचं, या प्रश्नाला उत्तर सापडेना. म्हणून पावसाळा संपल्यावर तिथे एक खोली घेतली. आई-बाबा खाली वाईत. मध्ये पसरणीचा घाट, बाराएक किलोमीटर आणि साधारण सहाशे मीटरचा चढ. शनिवारी उतरायचं, सोमवारी पहाटे चढायचं. गाडी नाही, घ्यायची इच्छाही नाही. सायकलच्या मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी पॅनियर लटकवलेली. पॅनियर म्हणजे दुसरं काही नाही, स्टायलिश थैल्या! त्यांत लॅपटॉप (अजून हप्ते चालू), चार्जर, कपडे, रेनकोट, पंक्चरचं सामान, दोन लिटर पाणी आणि आईने कोंबलेले डबे. सगळं मिळून पंधरा-सोळा किलो. सायकल चौदा किलोची. म्हणजे तीस किलोचं एक अवजड बाळ, जे स्वतःच्या पायावर उभं राहत नाही.

'भिंतीला टेकव ना,' असं शहरातली मंडळी सांगतात. पाचगणीच्या बाजारात वीकेण्डला भिंत दिसली तर ना! होस्टेलमधल्या मुलांना भेटायला आलेले पालक, महाबळेश्वरकडे निघालेले टुरिस्ट... जिथे भिंत, तिथे कुणाची तरी एसयूव्ही. टेबललँडवर तर भिंत नाही, खांब नाही, झाडही नाही. नुसतं सपाट जांभ्याचं पठार, घोडे आणि वारा. टेकवणार कशाला, घोड्याला?

आणि खरी अडचण वेगळीच. पॅनियर अडकवताना, पट्टे आवळताना सायकल कुणीतरी धरावी लागते. वाईच्या घरासमोर हे काम इतकी वर्षं बाबांचं होतं. 2023 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते चालतात, बोलतात, मॅच बघताना ओरडतातही. पण डाव्या हातात जोर नाही. सुरुवातीला तरी ते सवयीने पुढे यायचे, हॅण्डल धरायचे, आणि मी एका हाताने पट्टा ओढत दुसऱ्या हाताने गुपचूप सीट धरून ठेवायची. त्यांना कळू न देता. त्यांना कळत होतंच. एकदा म्हणाले, 'आगं, असं लपूनछपून धरण्यापेक्षा हिला स्टँड का बसवत नाहीस?'

हे सांगणारा माणूस या विषयातला पीएचडी आहे, हे मी विसरलेच होते. शाळेतली शिपायाची नोकरी सुरू व्हायच्या आधी रोज पहाटे बाबा दुधाचा रतीब घालायचे. काळी अ‍ॅटलास, दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, म्हणजे चाळीस किलोच्या वर नुसतं दूध. (ती अ‍ॅटलास अजून परसात आहे. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना मात्र 2020 च्या 3 जूनला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिन. टायमिंग बघा!) त्या सायकलचं स्टँड आठवतंय? मागच्या चाकाच्या एक्सलला बसवलेली लोखंडी कमान. पायाने दाबायची, कॅरियर धरून सायकल मागे ओढायची आणि खट्! मागचं चाक अधांतरी. आपण सगळ्यांनी लहानपणी त्यावर बसून अंगणातल्या अंगणात जगप्रवास केलाय. चाकूसुऱ्यांना धार लावणाऱ्यांचा तर सगळा धंदाच त्या अधांतरी चाकावर. दोन पाय फाकवून उभं, आणि तेही बरोबर जिथे ओझं आहे तिथे, मागे. दूध डचमळलं तरी सायकल ढिम्म हलायची नाही. फक्त चढवताना ताकद आणि कसब हवं.

नव्या सायकलींना ते सहसा बसत नाही. मग पर्याय उरतात तीन. पहिलं, पेडलच्या मागे फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये कसलेलं एका पायाचं साइड स्टँड. स्वस्त, हलकं, सगळीकडे मिळतं. रिकाम्या सायकलला एकदम झकास. ओझं लादलं की मात्र याचं गणित बिघडतं. दोन चाकं आणि एक पाय मिळून जमिनीवर एक अरुंद त्रिकोण होतो. सगळ्या वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत असला तरच सायकल उभी राहते. ओझं मागे आणि पाय मधोमध, म्हणजे पुढचं चाक हलकं. ते गर्रकन वळतं आणि सगळं लटांबर जमिनीवर. शिवाय पातळ नळ्यांवर क्लॅम्प जास्त आवळला तर नळी चेपते. कार्बन फ्रेम असेल तर या वाटेला जाऊच नका.

दुसरं, त्याच जागी बसणारं दोन पायांचं. मोटरसायकलच्या मेन स्टँडचं धाकटं भावंड. सपाट फरशीवर हे राजा! सायकल सरळ उभी, दोन्ही बाजूंनी आरामात सामान भरा. वजनाला साधारण अर्धा किलो किंवा जास्त. स्टँड लावून सायकल मागे ढकलली की पेडल त्याला अडकतं, तेवढं सांभाळायचं. आणि तिसरं, मागच्या एक्सलजवळ फ्रेमला बसणारं एका पायाचं. काही फ्रेमवर त्यासाठी 40 मिलिमीटर अंतरावर दोन भोकंच ठेवलेली असतात. माझ्या सायकलला होती. आधार ओझ्याखाली. म्हणजे तत्त्व अ‍ॅटलासचंच, पण अर्ध्या पायांवर.

बाबांचं मत दोन पायांना. माझं एका पायाला. यावर घरात दोन दिवस चर्चासत्र झालं. त्यांचा मुद्दा, 'दोन पायांवर माणूस उभा राहतो, एका पायावर बगळा.' माझा मुद्दा, आपल्याकडे सपाट फरशी आहे कुठे? रस्ता बाजूला कलता असला की दोन पायांची सायकलही तेवढीच कलते, काही सुधारताच येत नाही. एका पायाची सायकल मात्र जागा बघून, तोंड फिरवून उभी करता येते.

दुकानात जाताना बाबांनी एकच अट घातली. 'मोकळ्या सायकलीला स्टँड बघायचं नाही. वजन घालून ने.' अस्सल रतीबवाल्याचा सल्ला! मी डब्यांसकट सगळं लादून सायकल नेली. दुकानातला मुलगा आधी हसला, मग गप्प झाला. कारण पहिल्या स्टँडवर सायकल फारच सरळ उभी राहिली आणि बाबांनी सीटला एक बोट लावताच उजवीकडे कलंडली. (मी धरली.) पाय लांब असला की हे होतं, आखूड असला की सायकल डावीकडे लोळते. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारं, खाली रुंद टाच असलेलं मागचं स्टँड घेतलं. साडेपाचशे रुपये. सायकल डावीकडे जराशी झुकली पाहिजे, रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखी. बाबांनी पुन्हा बोट लावलं. हलली, पडली नाही. 'चालंल,' म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी दहावीच्या निकालालाही ऐकली नव्हती.

मग घाट चढून वर आल्यावर खरी परीक्षा. पाचगणीत सपाट जागा शोधण्यापेक्षा उतार वापरायला शिकणं सोपं. सायकलचं तोंड कायम चढाकडे. पुढे घरंगळली तर स्टँड आपोआप मिटतं, मागे रेलली तर उलट घट्ट बसतं. पुढचा ब्रेक दाबून बांधून टाकायचा, म्हणजे चाक फिरणं बंद. सामान चढवताना आधी डावं पॅनियर, म्हणजे स्टँडच्या बाजूचं. उतरवताना आधी उजवं. जमीन भुसभुशीत असेल तर टाचेखाली जांभ्याची चपटी चीप. ती मी पॅनियरच्या बाहेरच्या कप्प्यातच ठेवते, आणि हो, लोक विचारतात.

परवा भिलारला गेले होते. पाचगणीपासून जवळच, 2017 च्या मे महिन्यापासून 'पुस्तकांचं गाव'. गावकऱ्यांच्या घराघरांत पुस्तकं, कुठेही बसा आणि वाचा. एका अंगणाबाहेर कलत्या रस्त्यावर सायकल लावली. एका पॅनियरमध्ये लॅपटॉप, दुसऱ्यात दोन किलो स्ट्रॉबेरी. म्हणजे पडली असती तर हप्ते आणि जॅम, दोन्ही एकदम! दोन तास आत वाचत बसले आणि एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

ब्रेक बांधायला बाजारात वेल्क्रोचे पट्टे मिळतात. मला विकत घ्यावे लागले नाहीत. बाबांनी अ‍ॅटलासची जुनी ट्यूब काढली, पायाखाली दाबली आणि उजव्या हाताने कात्रीने तिच्या चकत्या पाडल्या. अर्धा तास लागला, आईला जवळ येऊ दिलं नाही. एकूण चार रिंगा. मला एक पुरते, म्हटलं, चार कशाला? तर म्हणाले, त्या दुकानात मागच्या बाजूला मोठ्या माणसांची तीनचाकी होती, किंमत विचारून ठेवलीय.

'तिला स्टँड लागत नाही,' हेही सांगितलं. 'पण ब्रेक बांधावा लागंल.'