बावीस घुमटांचे लाकडी मंदिर

उत्तर रशियातील कारेलिया प्रांतात ओनेगा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. काठावरच्या पेट्रोझावोद्स्क शहराहून वेगवान बोटीने निघाले, की सुमारे सव्वा तासात किझी बेट येते. बेट चिंचोळे, सखल आणि गवताळ. म्हणूनच की काय, तेथील बावीस घुमटांचे ख्रिस्ती मंदिर दुरूनच दृष्टीस पडते, आणि मग दृष्टी तेथून हलत नाही.

ऑर्थोडॉक्स पंथाचे हे मंदिर १७१४ साली बांधले गेले. उंची ३७ मीटर. दगडी देवळे पाहण्याची सवय असलेल्या मला हे सारे लाकूड आहे, हे प्रथम खरेच वाटेना! पाइन वृक्षाचे ओंडके आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत गुंतविले आहेत. घुमटांवर ऍस्पेन लाकडाच्या हजारो लहान फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या बसविल्या आहेत. ढगाळ आकाशाखाली त्या राखेसारख्या दिसतात. ऊन पडले, की चांदीसारख्या झळाळतात.

या मंदिरात ऊब देण्याची सोय नव्हती. त्यामुळे गावकरी उन्हाळ्यात येथे प्रार्थना करीत, आणि हिवाळ्यात शेजारच्या लहान, उबदार मंदिरात जात.

काम संपताच नेस्तोर नावाच्या सुताराने, असे मंदिर पुन्हा होणे नाही, असे म्हणून आपली कुऱ्हाड सरोवरात फेकली, अशी दंतकथा आहे. कथा गोड खरी. परंतु मला पुढची हकिकत अधिक मोलाची वाटते.

लाकूड कुजते. विसाव्या शतकात हे मंदिर इतके खचले, की १९८० नंतर आत पोलादी सांगाडा उभारून त्याला आधार द्यावा लागला. पाडून नवे बांधणे किती सोपे होते! सुतारांनी तसे केले नाही. वरचा भाग सांगाड्याच्या आधारे उचलून धरून त्यांनी खालचा थर सोडविला, ओंडके कार्यशाळेत नेले, कुजलेला भाग कापून तेथे नवे लाकूड जोडले, आणि थर पुन्हा जागच्या जागी बसविला. मग त्यावरचा थर. असे सात थर! हे चालू असतानाच, २०१८ साली, याच प्रांतातील कोंदोपोगा येथील १७७४ सालचे लाकडी मंदिर आगीत भस्मसात झाले. त्या वेळी किझीच्या सुतारांच्या मनात काय आले असेल? २०२० साली त्यांचे काम पुरे झाले.

भिंतीजवळ जाऊन पाहिले, तो करड्या ओंडक्यांत मधूनमधून पिवळसर तुकडे दिसले. आणखी काही हिवाळे गेले, की तेही करडे होतील.