दुवा कधी दिसला?

आपल्या पानाकडे येणारा नवा दुवा कुठे लागला, की एचरेफ्स या दुवे टिपणाऱ्या साधनात यथावकाश त्याच्यापुढे ‘पहिल्यांदा दिसला’ अशी तारीख उमटते. ती दुव्याच्या जन्माची तारीख नव्हे, त्यांच्या बॉटच्या नजरेत तो कधी आला त्याची. हे लक्षात न घेता कोणतं साधन दुवा आधी पकडतं अशा शर्यती लावणारे तक्ते पाहिले, की हसू येतं.

आज सर्व्हरचे लॉग उघडून बसलो. दुवा देणारं पानही माझंच, म्हणून हे जमतं. एचरेफ्सबॉट, मॅजेस्टिक या तशाच साधनाचा एमजे१२बॉट, गूगलबॉट, प्रत्येकाच्या भेटीची वेळ तिथे सेकंदासकट असते. बॉट यायला लागलेला वेळ वेगळा आणि तो येऊन गेल्यावर अहवालात दुवा झळकायला लागलेला वेगळा. नुसता अहवाल पाहणाऱ्याला ही दुसरी दिरंगाई कळतच नाही. पानाची जागाही महत्त्वाची. वृत्तपत्राच्या मुखपानावर बॉट सतत घिरट्या घालतात, आडबाजूच्या जुन्या पानाकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. आणि रोबोट्स फाइलमध्ये मनाई असेल, तर नियम पाळणारा बॉट येणारच नाही!

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो गूगल या साधनांना विचारत नाही. १९९८च्या पेजरँकपासून दुवे तो स्वतःच मोजतो, आणि सर्च कन्सोलमध्ये त्यातले काही नमुन्यादाखल दाखवतो.

हे पडताळायला उद्या माझ्याच एका आडबाजूच्या पानावर दुवा टाकेन. वेळ यूटीसीतच लिहायची, नाहीतर आपले साडेपाच तास हिशेबात घुसतात.